केसांची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

थायरॉइडचे नमुने आमच्या लॅबमध्ये इतके येतात की एखादा रिपोर्ट लक्षात राहत नाही. हा राहिला, तो आकड्यांपेक्षा नंतर झालेल्या बोलण्यामुळे.

थायरॉइडला चालना देणारं हार्मोन टीएसएच जवळजवळ शून्य, थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन टी-थ्री आणि टी-फोर चढलेले, टीएसएच रिसेप्टरच्या अँटिबॉडीज पॉझिटिव्ह. पाठ्यपुस्तकात छापावं असं ग्रेव्हज डिसीजचं, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करण्याच्या आजाराचं, चित्र. दुसऱ्या लॅबमध्येही हेच आलं होतं, खात्री करायला बाई आमच्याकडे आल्या होत्या. सहकाऱ्याने क्यूसीचे, म्हणजे ठरावीक नमुन्यावर मशिन तपासल्याचे, आलेख पाहिले आणि म्हणाला, "सोडा की मॅडम रिपोर्ट." क्यूसी पास झालं की डोकं बंद करायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. पेशंटने काय गिळलंय ते क्यूसीच्या बाटलीला कसं कळणार?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं: नाडी ७२, हाताला कंप नाही, वजन वाढतंय. थायरॉइड इतका भडकलेला आणि नाडी ७२? मी रिपोर्ट अडवला आणि बाईंना फोन लावला. फॉर्मवर चालू औषधांसमोर 'काही नाही' होतं, फोनवरही तेच. "केसांसाठी वगैरे काही घेता का, ताई?"

"हां, बायोटिन घेते ना. पण ते व्हिटॅमिन आहे, मॅडम."

रोज १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला पुरेसं मानलं जातं ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही गोळी त्याच्या तीनशेपटीहून जास्त.

आमच्या मशिनमधल्या चुंबकीय मण्यांवर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाचा थर असतो आणि चाचणीतल्या अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं. ही दोघं एकमेकांना इतकी घट्ट धरतात की म्हणूनच ही जोडी वापरतात. पण रक्तातच मोकळं बायोटिन भरपूर असेल तर ते मण्यांवरच्या जागा अडवून बसतं. टीएसएचला पकडलेली अँटिबॉडी धुण्यात वाहून जाते, सिग्नल घटतो, टीएसएच खोटंच कमी दिसतं. टी-थ्री आणि टी-फोरचा हिशेब उलटा: सिग्नल जितका कमी, तितका आकडा जास्त. रिसेप्टर अँटिबॉडीची चाचणीही त्याच उलट्या जातीची. चार खोटे आकडे, आणि चारही एकमेकांची साक्ष काढणारे.

तोच नमुना बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतीवर तपासून घेतला. सगळं नॉर्मल. गोळी थांबवून पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा आमच्या मशिननेही नॉर्मलच दिलं. थायरॉइड दाबणारं औषध, कार्बिमॅझोल, अजून सुरू झालं नव्हतं हे नशीब. त्याने क्वचित का होईना, पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, आणि इथे तर आजारच नव्हता.

यात नवीन काही नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ मध्येच जाहीर सूचना काढली होती. बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी येऊन, म्हणजे हार्ट अॅटॅकच्या तपासणीतच घोळ होऊन, एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात आहे. कंपन्यांनी त्यानंतर बऱ्याच चाचण्या सुधारल्या. किटच्या माहितीपत्रकात, बायोटिन किती असलं की आकडे बिघडतात, ती मर्यादाही छापलेली असते. ती किती लॅबवाले वाचतात, ते न विचारलेलं बरं.

बाई रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा मी हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे मशिन चुकलं. गोळी तर चुकली नाही ना?"

मी म्हटलं, बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, आणि ती नसेल तर या गोळीने केस वाढतात असा भक्कम पुरावा नाही.

"म्हणजे उपयोग होतच नाही, असं लिहून द्याल?"

तसं नाही लिहून देता येत. पुरावा नाही, एवढंच लिहिता येतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावरच्या व्हिडिओतल्या गोळ्यांच्या बाटलीला कसलीच मर्यादा नव्हती, आणि ती हातात धरलेल्या माणसाच्या बोलण्यात एकही 'पण' नव्हता. आमचं माहितीपत्रक आपण कुठे फसतो ते स्वतःच सांगतं, मी रिपोर्ट का अडवला तेही सांगितलं, आणि त्यांच्या हिशेबी त्यामुळेच आम्ही कच्चे ठरलो. राग त्यांचा नाही येत. त्यांना आधी कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी नुसतं सांगितलं होतं.

"पुढच्या टेस्टच्या आधी दोन दिवस बंद ठेवली की झालं ना?"

थायरॉइडपुरतं ते बरोबर होतं. मी हो म्हटलं, फॉर्मवर लिहायलाही सांगितलं, आणि ट्रोपोनिनचं पुन्हा काढणार तोवर रांगेतला पुढचा माणूस खिडकीशी येऊन पावती शोधायला लागला होता.