केप वाळत घातलीय

भाच्यानं सुपरहिरोचा पिक्चर काढायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडं दोन कामं आली. एक केप शिवायचं, दुसरं कंटिन्युइटी बघायचं, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये बदललं नाही ना, हे. पहिलं घरात शिलाई मशीन आहे म्हणून, दुसरं माझ्या खोडीमुळं. सिरियलमधली सून जिना उतरून खाली येईपर्यंत तिच्या हातातल्या किती बांगड्या कमी झाल्या, हे मी मोठ्यानं सांगते आणि सगळ्यांचा विरस करते. "मावशी, तुझ्या ह्या सवयीचं आता सोनं करू," म्हणत त्यानं दोनशे पानी वही हातात ठेवली.

पिक्चर काही पहिल्या प्रसंगापासून ओळीनं काढत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. जागा मिळेल तसे, माणूस मोकळा सापडेल तसे तुकडे घ्यायचे आणि मागाहून जोडायचे. पडद्यावर दोन मिनिटांत मिटणारं भांडण तीन दिवस चाललेलं असतं. मोठ्या युनिटमध्ये एक माणूस नुसता हेच लिहीत बसतो: कप कुठल्या हातात होता, कुठल्या शब्दावर घोट घेतला, बाही किती दुमडली होती. शिवाय एकाच कपड्याचे चार-पाच जोड शिवून ठेवलेले असतात.

आमच्याकडं केप एकच. महाद्वार रोडवरून आणलेलं लाल पॉपलीन. हिरो शिरोलीला फाउंड्रीत कामाला, त्यामुळं शूटिंग फक्त रविवारी. रविवारी केप मातीत लोळायची, सोमवारी माझ्या बादलीत पडायची. कापड कच्च्या रंगाचं निघालं. चौथ्या धुण्याला केप विटकरी झाली, आठव्याला कांद्याच्या सालीसारखी. त्यात शेवटची गच्चीवरची मारामारी आम्ही सगळ्यात आधी उरकली होती, कारण घरमालकाला पावसाच्या आत तिथं पत्रे घालायचे होते. झालं असं, की हिरोला शक्ती मिळते तेव्हा केप विटलेली आणि शेवटी व्हिलनला लोळवतो तेव्हा कोरी करकरीत. मी वही घेऊन रडकुंडीला आले. भाचा शांत. "पॉवर वाढंल तसा रंग चढतोय म्हणायचं, मावशी!"

बजेट साडेअकरा हजार, त्यातले निम्मे मिसळीवर गेले. खानावळीच्या प्रसंगात व्हिलन वाटीत तांबडा रस्सा ओतून घेतो आणि पितो तो पांढरा. तिसऱ्या टेकला तांबडा संपला होता. खरं सांगायचं तर हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, मीच सांगत सुटते.

पैसा असला म्हणजे सगळं निभावतं असंही नाही. २०१७ च्या 'जस्टिस लीग'चे काही प्रसंग पुन्हा घ्यायची वेळ आली, तेव्हा सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या पिक्चरसाठी मिशी राखली होती आणि ती काढू द्यायला ते लोक तयार नव्हते. शेवटी कॉम्प्युटरवर मिशी पुसली. वरचा ओठ असा काही झाला, की लोक पिक्चर सोडून त्या ओठावरच बोलत राहिले. ही गोष्ट आमच्या गल्लीत सांगितली तर सगळे मिशीच्या बाजूनं उभे राहिले. सुपरमॅनचं कुणाला काही पडलं नव्हतं.

आमच्या कोल्हापूरला शूटिंगचं तसं नवल नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा तयार केला आणि मूकपट काढले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. पेठेपेठेत 'आम्ही बी हुतो त्यात' म्हणणारा एखादा म्हातारा निघतोच. आमच्या गल्लीत तात्या होते. तरुणपणी पन्हाळ्यावर एका ऐतिहासिक पिक्चरमध्ये ते सकाळी मावळा म्हणून मेले आणि दुपारी पागोटं बदलून मोगल म्हणून. दोनदा मरून पगार एकाच दिवसाचा, ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत होती. आमच्या शूटिंगला ते दर रविवारी खुर्ची घेऊन यायचे. व्हिलन त्यांचा नातू.

पंचगंगेच्या घाटावरचा प्रसंग मे महिन्यातला. पायऱ्या कोरड्या ठणठणीत, घाटावरची देवळं पायथ्यापर्यंत दिसतायत. हिरो विचारतो, "कोण हैस तू?" त्याचे शॉट झाले आणि उजेड गेला. व्हिलनचं उत्तर पुढच्या रविवारी घेऊ म्हटलं. पुढच्या रविवारी हिरोला ओव्हरटाइम, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न, मग पाऊस. जूनमध्ये तात्या गेले. त्यांचा दहावा त्याच घाटावर झाला. नातवानं डोकं भादरलं.

जुलैत उघडीप मिळाली तेव्हा देवळांचे नुसते कळस वर होते आणि व्हिलन चकोट. भाच्याकडं यालाही तोड होती. त्यानं कुठंतरी वाचलं होतं, की बेला लुगोसी नावाचा नट १९५६ मध्ये वारला, तेव्हा एड वूड नावाच्या दिग्दर्शकानं त्याच्या जागी दुसराच माणूस उभा केला आणि त्याला तोंडासमोर केप धरायला लावली. युक्ती चांगली होती, पण आमची केप हिरोची. शिवाय ती त्या दिवशी माझ्या दोरीवर वाळत होती. टोपी घालून बघितली, ती वाऱ्यानं नदीत गेली. शेवटी पोरगा तसाच उभा राहिला आणि बोलला. प्रश्न मे महिन्यात विचारला, उत्तर जुलैत आलं. वहीत मी 'व्हिलन: केस मागं वळवलेले' असं लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. खाली काय लिहावं सुचेना, म्हणून तारीख टाकली.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी तालमीसमोर पांढरी चादर बांधून पिक्चर दाखवला. घाट आला तशी शिट्ट्यांची धमाल उडाली. कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ. पाणी बघून मागून कुणीतरी ओरडलं, "ह्यो शॉट बत्तीस फुटाचा हाय!" दुसरा म्हणाला, "बत्तीस न्हवं, तीस." पुढचे दोन संवाद त्या वादात गेले.

माझ्या शेजारी व्हिलनची आज्जी बसली होती. हिरो बोलत होता आणि पडद्याच्या कडेला नातवाचं डोकं पाठीमागून दिसत होतं, भरगच्च केसांचं. आज्जी माझ्याकडं झुकून हळू म्हणाली, "केस हाईत. म्हंजी हे हुते तवा."

मग उत्तराचा शॉट आला. मागं नदी फुगलेली, पुढं चकचकीत डोकं. सगळी गल्ली खदखदून हसली. आज्जी काही बोलली नाही.

पुढच्या शॉटला केस परत आले. आज्जीनं पदर सारखा केला आणि खुर्ची जरा पुढं ओढून घेतली.