मिस वर्ल्ड पाहिलं काल रात्री

काल घरातल्या सगळ्या बायांनी कूलरसमोर बसून मिस वर्ल्ड 2025 ची फायनल पाहिली, 31 मे, हैदराबादला हायटेक्समध्ये होती, म्हणजे आपल्या नागपूरहून एका रात्रीच्या ट्रेनवर! आपली नंदिनी गुप्ता टॉप 8 मध्ये आली नाही तेव्हा लहान बहीण एकदम हिरमुसली, मलाही वाईट वाटलं, राजस्थानातल्या कोटा शहरची पोरगी, किती तयारीने उभी होती. मग थायलंडची ओपल सुचाता जिंकली, त्यांच्या देशाला हा मुकुट पहिल्यांदाच, आणि तिच्याबद्दल वाचत बसले तर झोपच उडाली. 16 वर्षांची असताना छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, कॅन्सर नव्हता, पण ही पोरगी आता ब्रेस्ट कॅन्सरवर उघड बोलून राहिली, 'ओपल फॉर हर' नावाने काम करते. आमच्याकडे बाया गाठ लपवतात हो. माझ्या मावशीने कितीतरी महिने कोणालाच सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणे, आणि ही जगासमोर बोलते, मला तर मुकुटापेक्षा हेच मोठं वाटलं. आज सकाळी आईला आणि काकूला सरळ विचारलं, कधी तपासलं का? काकू आधी "काहीतरीच काय" म्हणाली, मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, बुधवारी चल माझ्यासोबत. जाऊन राहिलो आम्ही तिघी, सक्करदऱ्याकडून कोणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा.