घरघंटीवरची वेबसाइट आणि पहिले नऊ रुपये

साताऱ्यात एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी अर्धवेळ हिशेब लिहिते. रिटर्न भरायच्या दिवसांत रात्रीचे आठ वाजतात, बाकी वर्षभर दुपारी दोनला घरी. त्या दुपारच्या वेळात घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून २०२२ च्या श्रावणात मी वेबसाइट काढली. तिचा विषय एकच, घरघंटी, म्हणजे घरी पीठ दळायची विजेची छोटी गिरणी. हा विषय कसा सापडला, त्यातून किती मिळालं आणि काय काय अंगावर आलं, ते सगळं आकड्यांसकट सांगते. कारण मी सुरुवात केली तेव्हा मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि मिळत होत्या त्या फक्त ‘महिन्याला लाख रुपये’वाल्या गोष्टी.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ॲफिलिएट म्हणजे काय ते त्यानेच समजावलं. आपण एखाद्या वस्तूबद्दल लिहायचं, खाली ऑनलाइन दुकानाची आपल्या नावाची लिंक द्यायची, त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान आपल्याला कमिशन देतं. मी म्हटलं, मोबाइलवर लिहू का? तो म्हणाला, “मामी, मोबाइलवर लिहायला हजारो लोक बसलेत. तुमच्या दारात माणसं काय विचारायला येतात, ते सांगा.”

आमच्या दारात माणसं दळणाचे डबे घेऊन येतात. सासूबाईंनी २०११ मध्ये घरघंटी घेतली आणि गल्लीतल्या पाच-सहा घरांची दळणं त्या करून देतात. नवी घरघंटी घेणारी प्रत्येक बाई आधी त्यांच्याकडे येऊन बसते. कुठली घेऊ, वीज किती खाते, ज्वारीचं पीठ गरम का होतं? विषय घरातच होता.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, पहिल्या वर्षासाठी ६४९ रुपयांना मिळालं, होस्टिंगचे, म्हणजे ती ठेवायच्या जागेचे, २,८०० गेले. वेबसाइट चालवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आणि त्याचं कामकाजही मराठीत करता येतं. अक्षरांसाठी ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी केलेला मुक्ता फॉन्ट घेतला, तोही फुकट आहे आणि जोडाक्षरं छान दिसतात. एक गोष्ट मात्र आधी कळली असती तर बरं झालं असतं. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला, की व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्केचिन्हं आणि आकड्यांची लांबच लांब माळ होते. माणसं घाबरून ती लिंक उघडतच नाहीत. पत्ता रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवायचा, मजकूर खुशाल मराठीत.

पहिल्या दोन महिन्यांत मी चौदा लेख टाकले. ‘सर्वोत्तम दहा घरघंट्या’, ‘पंधरा हजारांच्या आतल्या घरघंट्या’ अशी नावं. यातली एकही घरघंटी मी पाहिलेली नव्हती. दुकानाच्या पानावरची माहिती वाचायची आणि माझ्या शब्दांत मांडायची. सप्टेंबरअखेर ॲमेझॉनच्या असोसिएट्स योजनेत खातं उघडलं. तिथला नियम असा, की पहिल्या १८० दिवसांत किमान तीन खऱ्या विक्री झाल्या पाहिजेत, नाहीतर खातं बंद. पहिल्या महिन्यात एकही झाली नाही. भावकीच्या ग्रुपवर लिंक टाकून दोघातिघांना घ्यायला सांग, असं घरातून कोणीतरी सुचवलं. मी करारनामा वाचायला बसले. स्वतः घेतलेलं चालत नाही, आपल्या माणसांकरवी घेतलेलंही चालत नाही. दिवसभर दुसऱ्यांची खाती तपासणाऱ्या बाईने स्वतःचं खातं असं वाचवावं हे मनाला पटलंही नसतं. मग वाट पाहिली. नोव्हेंबरमध्ये कोणीतरी पीठ झाडायचा एक ब्रश घेतला. कमिशन नऊ रुपये. माझी ती पहिली कमाई. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना स्क्रीन दाखवत घरभर फिरले.

सासूबाईंनी चष्मा लावून सगळे लेख वाचले. दोन दुपारी लागल्या. मग विचारलं, “अगं, यातल्या कुठल्या घंटीवर तू दळलंयस?” बोलण्यात राग नव्हता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चौदा लेखांत आमच्या घरातलं काहीच नव्हतं. आमच्या मागच्या पडवीत रोज जे चालतं त्यातलं एक वाक्यही नव्हतं.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी शेजारच्या वहिनी भाजलेले तीळ घेऊन आल्या, कूट करून द्या म्हणाल्या. सासूबाई बाजारात होत्या, मी घातले. पाच मिनिटांत, पीठ जिच्यातून गाळून बाहेर पडतं ती जाळी तेलाने लिंपून गेली आणि आतल्या भिंतींना लगदा चिकटला. सासूबाईंनी आल्यावर कोरडे तांदूळ दळून, ब्रशने घासून ती पूर्ववत केली. त्याला तास गेला. त्या रात्री मी लेख लिहिला, घरघंटीत काय दळू नये. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, म्हणजे ज्यातून तेल सुटतं ते. ओलसर धान्य. गरम भाजणी, कारण ती पूर्ण गार न करता घातली तर वाफ धरते आणि जाळी बुजते. रोजच्या जाळीवर मिरची नको, दुसऱ्या दिवशीच्या कणकेला तिखटाचा वास लागतो.

त्याच्या पाठोपाठ जाळ्यांचा लेख आला, आणि आजवर माझी वेबसाइट त्याच्यावरच चालली आहे. आमच्या घंटीबरोबर शून्य ते पाच अशा सहा जाळ्या आल्या होत्या, शून्य सगळ्यात बारीक. कुठली कशासाठी, हे पुस्तिकेत इंग्रजीत दोन ओळींत होतं. सासूबाई आणि मी दोन रविवार त्याच्यावर घालवले. शाळू, गहू, तांदूळ आणि हरभराडाळ प्रत्येक जाळीवर थोडी थोडी दळली, पीठ काळ्या कार्डशीटवर पसरून खिडकीच्या उजेडात फोटो काढले. मोदकाची पिठी शून्यावर, पण तांदूळ धुऊन सावलीत नीट वाळलेले हवेत. पोळीच्या कणकेला आमच्याकडे एक नंबर लागतो, शून्यावर काढलेली कणीक सासूबाईंना फार चिकट वाटते. लाडवाचं बेसन दोनवर, म्हणजे रवाळ राहतं आणि टाळ्याला चिकटत नाही. भाकरीसाठी शाळू एकवर आणि तोही आठवड्यापुरताच, पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडा फाटतात. मीटर बघून विजेचीही नोंद केली. आमची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅट. पाच किलो गव्हाला चाळीस मिनिटं लागली आणि वीज अर्ध्या युनिटच्या थोडी वर गेली. पीठ गरम का येतं, तेही तिथेच लिहिलं. धान्यात ओल असेल किंवा जाळी अर्धी बुजली असेल तर पीठ बाहेर पडायला वेळ लागतो, आतल्या आत घासत राहतं आणि तापतं.

खात्याच्या १६३ व्या दिवशी तिसरी विक्री झाली. ती जाळीचीच होती.

सर्च कन्सोल नावाची गुगलची सोय आहे, माणसं काय शोधत आपल्यापर्यंत आली ते तिथे दिसतं. मला तिथे रोज नवं शिकायला मिळालं. निम्म्याहून जास्त बायका मराठीच लिहितात, पण रोमन अक्षरांत. म्हणून लेखाच्या शीर्षकाखाली मी तसाही एक शब्दसमूह ठेवू लागले. आणि ‘सर्वोत्तम घरघंटी’ शोधणारं जवळपास कोणी येत नव्हतं. यायचे ते प्रश्न. जाळी कुठली, आवाज का येतो, किडे झाले काय करू, बाळासाठी नाचणी किती बारीक.

पैशांचं गणितही यातूनच उलगडलं. लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तरच कमिशन, किंवा तेवढ्या वेळात वस्तू कार्टमध्ये तरी पडली पाहिजे. आता पंधरा हजारांची घरघंटी २४ तासांत कोण ठरवतं? सासूला विचारायचं, नवऱ्याला पटवायचं, पगाराची किंवा दसऱ्या-दिवाळीची वाट पाहायची आणि शेवटी ओळखीच्या दुकानातून घ्यायची, कारण बिघडली तर तोच माणूस घरी येणार. मी स्वतःही तसंच करेन. पण फुटलेली जाळी, फाटलेली पिठाची कापडी पिशवी, ब्रश, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, या गोष्टी जागच्या जागी घेतल्या जातात. वर्षभरात माझ्या लिंकवरून मोजून सहा घरघंट्या गेल्या. त्यातल्या दोन परत आल्या, त्यांचं दिसलेलं कमिशनही परत गेलं. बाकीची कमाई वीस-तीस रुपयांच्या थेंबांनी झाली.

२०२३ च्या गणपतीत उकडीची पिठी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चकलीची भाजणी यांनी वेबसाइट भरून गेली. रोजचे तीनशेच्या वर वाचक. ऑक्टोबरचे ४,१८० रुपये हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा महिना. हे पैसे लगेच हातात येत नाहीत, महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी खात्यात पडतात. भाजणीचे पैसे संक्रांतीच्या तोंडावर मिळाले. २०२३-२४ या आर्थिक वर्षाची बेरीज २७,६४० रुपये झाली.

इथे माझ्या ऑफिसातलं थोडं सांगते, कारण याबद्दल फार कमी लिहिलं जातं. हे उत्पन्न कमिशन आहे, त्यावर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४एच खाली टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, लागायचा. तेव्हा वर्षाला १५,००० च्या वर गेलं की ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के झाला आणि एप्रिल २०२५ पासून मर्यादा २०,००० झाली. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या विवरणपत्रात (तेव्हाचं २६एएस) दिसते, तिथे ताडून घ्यायची. अनेकजण हे उत्पन्न त्याच कायद्याच्या कलम ४४एडी खाली ठोकळ पद्धतीने, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता ठरावीक टक्के नफा धरून, दाखवायला जायचे. कमिशनच्या उत्पन्नाला ते कलम लागू नव्हतं. होस्टिंग, डोमेन, प्रयोगाला आणलेलं धान्य यांच्या पावत्या जपून ठेवायच्या, खर्च वजा करता येतो. रिटर्न आयटीआर-३ या फॉर्ममध्ये. आपलं काम लहान आहे म्हणून नोंदी सोडू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे.

मार्च २०२४ मध्ये गुगलच्या शोधयादीत मोठी उलथापालथ झाली आणि रोजचे तीनशे वाचक तीन आठवड्यांत शंभरावर आले. मला खूप वाईट वाटलं, झोप लागेना. पण पानं एकेक तपासली तेव्हा जाळीचा लेख बराचसा टिकून होता, पडले होते ते चौदा जुने लेख, आणि त्यांच्यासोबत सगळी वेबसाइट खाली आली होती. मी ते काढून टाकायला हवे होते, हे मला वर्षभर माहीत होतं. एप्रिलमध्ये चौदाही पुसले. वाचक हळूहळू दोनशेपर्यंत परतले, पूर्वीइतके नाहीत.

त्याच उन्हाळ्यात एका घरघंटी बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. एक यंत्र फुकट आणि वर आठ हजार रुपये. माझ्या चार महिन्यांच्या कमाईएवढे. मी यंत्र आधी वापरून बघते म्हटलं. दळायला चांगलं होतं, पण चालू असताना दार उघडलं तरी मोटर थांबत नव्हती. आमच्या घरी येणाऱ्या बायकांबरोबर लहान मुलं असतात, हात घालायला त्यांना क्षण पुरतो. हे लिहिणार, असं मी कळवलं. ते वाक्य गाळा म्हणाले. यंत्र परत पाठवलं, रिक्षाचं भाडं माझ्या खिशातून गेलं. त्यानंतर ‘घरघंटी घेताना’ या लेखाची पहिली ओळ मी बदलली. दुकानात गेल्यावर आधी यंत्र चालू करायला सांगा आणि दार उघडून बघा, मोटर बंद पडली तरच पुढचं बोला.

प्रत्येक लेखाच्या वर, लिंक येण्याआधी, मी मराठीत स्पष्ट लिहिते: इथून काही घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही. जाहिरात असेल तर ती उघड सांगावी असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानेही मार्गदर्शन काढलं. भाव मी लिहीत नाही, ते रोज बदलतात आणि योजनेच्या अटींतही ते बसत नाही. हे वाचून माणसं निघून जातील अशी मला भीती होती. तसं झालं नाही. उलट लातूरच्या एका ताईंनी लिहिलं, कमिशन मिळतं म्हणून तुमच्याच लिंकवरून जाळी घेतली, आता भाजणीचं प्रमाण सांगा.

आता महिन्याला दीड ते अडीच हजारांच्या मध्ये काहीतरी येतं. डोमेन आणि होस्टिंगचं वर्षाचं भागतं, उरलेल्यातून सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाला हातभार लागला. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी जाळीच्या लेखातले फोटो पाहिले आणि म्हणाल्या, दोन नंबरचं बेसन चुकलंय, डाळ थोडी ओली होती त्या दिवशी.

त्यामुळे या रविवारी ते पुन्हा दळायचं आहे. शिवाय खपली गहू आणून ठेवलाय, त्याचं साल जाड असतं आणि त्याला कुठली जाळी बरी, असं तिघींनी विचारलंय. तो सध्या गच्चीवर वाळतोय.