झोपायच्या आधी पनीर खाऊन बघितलं, माझा अनुभव

मी परभणीला एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. पेरणीच्या दिवसात दुकानात इतकी गर्दी ऱ्हाते की दुपारचं जेवण कधी चारला होतं, कधी होतच नाही, त्यात युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या उचला-ठेवा, अन् जिम गाठायची म्हणजे रात्रीचे साडेआठ. वजन ६२ किलो, कितीबी व्यायाम करा काटा काय हलंना. जिममधला एक पोरगा म्हणला, झोपायच्या आधी प्रोटीन खात जा, रातभर मसल बनत ऱ्हातात. मला वाटलं हा प्रोटीन पावडरचा डबा खपवायलाय, म्हणून आधी वाचून काढलं.

तर ह्याच्यावर खरंच काम झालंय. नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये संध्याकाळी व्यायाम केलेल्या पोरांना झोपायच्या आधी ४० ग्रॅम केसीन (दुधातलं एक प्रोटीन) दिलं, अन् रात्रीतून स्नायूत नवीन प्रोटीन तयार व्हायचा वेग साधारण २२ टक्के जास्त निघाला. मग २०१५ ला ४४ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग केला, त्यात रोज रात्री २७.५ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांची ताकद अन् मसल दोन्ही जास्त वाढले. पण ह्यात एक गोम आहे, ती पावडरचे डबे विकणारे सांगत नाहीत. दुसऱ्या गटाला तेवढं प्रोटीन दिवसाबी दिलेलं नव्हतं, म्हणजे पहिल्यांच्या पोटात एकूणच जास्त गेलं. मग गुण रात्रीचा का जास्तीच्या प्रोटीनचा, हे त्याच्यातून काही कळत नाही.

मग मी माझाच हिशोब मांडला. ज्वारीची भाकरी, वरण, मूठभर शेंगदाणे, कपभर दूध, सगळं धरून दिवसाला प्रोटीन ५५ ग्रॅमच्या आसपास. वजनं उचलणाऱ्याला अंगाच्या वजनाच्या किलोमागं रोज १.६ ग्रॅम धरतात, म्हणजे मला १०० लागतात. आमच्या घरात सगळे माळकरी, अंड्याचं नावबी काढायचं नाही. दिवसा खायला सवड नाही. उरली रात्रच!

दुधातलं जवळपास ८० टक्के प्रोटीन केसीनच असतं, ते पोटात गेलं की घट्ट होतं अन् हळूहळू पचतं, म्हणून रात्रीसाठी तेच बरं म्हणतात. केसीनचा डबा माझ्या पगारात बसणारा नव्हता. पण पनीर म्हणजे दुसरं काय, बहुतेक केसीनच की, १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रोटीन. गवळ्याकडून म्हशीचं लिटरभर दूध, उकळी आली की गॅस बंद, थोडं थांबून लिंबू पिळायचं, हिरवट पाणी सुटलं की धोतराच्या फडक्यात बांधून नळाला टांगायचं. पावशेराच्या आसपास निघतं. निथळलेलं पाणी आई कणकेत घालती. पहिल्या दिवशी म्हणली, "रातच्याला काय खायलास रे हे, पोट बिघडंल." पोट काय बिघडलं नाही, पण जेवणात ठेचा अन् वरून लगेच पनीर झालं की छातीत जळजळायचं. म्हणून जेवण साडेनऊला उरकायचं अन् अकराला पनीर, मीठ-जिरं टाकून. आधी मोठा ग्लास दूध पिऊन बघितलं होतं, पण त्यानं दोनदा लघवीला उठावं लागायचं, मग झोपेचंच वाटोळं, अन् झोप मोडून कसली रिकव्हरी.

फरक म्हणाल तर पायाचा व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखतं ते अजूनबी तसंच दुखतं, त्यात काय जादू नाही. पण दिवाळीपर्यंत वजन तीनेक किलो वाढलं अन् बेंचला (आडवं पडून वजन उचलायच्या व्यायामाला) जिथं अडकलो होतो तिथून पुढं सरकलो. माझं मत विचाराल तर हे रात्रीच्या वेळेनं कमी अन् दिवसाची तूट भरून निघाल्यानं जास्त झालं. ज्याचं दिवसभरात व्यवस्थित खाणं होतं त्यानं पनीरसाठी जागत बसू नये.

माझं बघून मामाबी सुरू करतो म्हणायले, त्यांना किडनीचा त्रास आहे, त्यांना आधी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर सरळ नाही म्हणले. आता सीझन नसला की मी दुपारच्या डब्यात सोयाबीन वड्यांची भाजी नेतो, त्या दिवशी रात्रीचं पनीर अर्धंच खातो, उरलेलं धाकटा भाऊ संपवतो.