पुडीत नसतं तेच घालायचं: नूडल्स, कट आणि लसणीचं तेल

इन्स्टंट नूडल्स सपक लागल्या की बहुतेक जण मसाला वाढवतात. दोन पाकिटांना तीन पुड्या, वरून चिमूटभर गरम मसाला, त्यावर टोमॅटो सॉस. याने नूडल्स खारट, गोड आणि थोड्या कडवट होतात, चवदार होत नाहीत. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की कारण कळतं. मसाल्याच्या पुडीत मीठ, साखर, कांदा-लसणीची पूड, धणे-जिरे, मेथी, लवंग, वेलची, जायफळ सगळं आधीच असतं. त्यात आणखी गरम मसाला घातला की लवंग-वेलची पुढे येते आणि जिभेवर कडसरपणा राहतो.

मी पुडी वाढवत नाही, उलट पाऊणच वापरते. जपानमध्ये रामेनच्या, म्हणजे रसातल्या नूडल्सच्या दुकानात वाडगा भरताना तळाशी आधी ‘तारे’ घालतात, म्हणजे खारट, दाट अर्क. त्यावर वेगळा शिजवलेला, मीठ नसलेला किंवा अगदी कमी असलेला गरम रस ओततात. मग नूडल्स आणि सगळ्यात शेवटी वासाचं तेल. १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी जे पहिलं ‘चिकन रामेन’ बाजारात आणलं, त्यात चव नूडल्समध्येच मुरवलेली होती. वेगळी पुडी नंतर आली. पण मुरवलेली असो वा पुडीतली, पाकीट आपल्याला फक्त तो खारट अर्क देतं. रस म्हणून आपण नळाचं पाणी घालतो आणि तेल घालतच नाही. या दोन जागा भरल्या की अर्धं काम होतं, आणि मराठी स्वयंपाकघरात दोन्हीसाठी लागणाऱ्या गोष्टी पडूनच असतात.

आधी रस. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी म्हणजे कट. मटकी किंवा मूग उकडले की त्याचं पाणी. चिकन-मटण शिजवताना बाजूला काढलेलं अळणी पाणी. यातलं काहीही चालतं. ७० ग्रॅमच्या एका पाकिटाला रसदार हव्या असतील तर एकूण ३०० मिली द्रव लागतो. त्यातला निम्मा कट, निम्मं पाणी. पूर्ण कट घेऊ नका. डाळीतला स्टार्च आणि नूडल्समधून सुटणारा स्टार्च मिळून दोन मिनिटांत खळ तयार होते. कट गाळूनच घ्यायचा, तळाशी बसलेली डाळ भांड्यातच राहू द्यायची. मटकीच्या पाण्याला किंचित मातकट वास असतो, तो पुढे लसणीत लपतो. अळणी पाण्यात घरी थोडं मीठ पडलेलं असतं, म्हणून ते वापरताना पुडी अर्धीच. भाताची पेजही चालते, पण ती चव देत नाही, फक्त अंग देते. ती पाव वाटीच्या वर नको.

आता तेल. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि बिघडतंही इथेच. दोन चहाचे चमचे शेंगदाण्याचं तेल, लसणीच्या चार पाकळ्या पातळ चकत्या करून. लसूण गार तेलातच टाकायची आणि भांडं मंद आचेवर ठेवायचं. तापलेल्या तेलात टाकली तर कडा करपतात आणि आत कच्ची राहते. तीन-चार मिनिटांत चकत्या फिक्या सोनेरी झाल्या की झाऱ्याने उपसून कागदावर काढायच्या. तपकिरी होईपर्यंत थांबायचं नाही, कारण बाहेर काढल्यावरही त्या शिजत राहतात. करपलेल्या लसणीचा कडूपणा तेलात उतरतो आणि तो कशानेच जात नाही, तेल टाकूनच द्यावं लागतं. मग गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट घालायचं. आधी चिमूटभर टाकून बघा: हलका फेस येऊन रंग लाल राहिला तर तापमान बरोबर. टाकताक्षणी काळं पडलं तर आणखी थांबा. मोहरी मी घालत नाही, या मसाल्यात ती हरवून जाते. हिंग तर अजिबात नाही. मग नूडल्सना आमटीचा वास येतो.

हे तेल नूडल्स शिजताना घालायचं नाही. उकळत्या पाण्यात त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. वाटीत वाढून झाल्यावर वरून एक चमचा. उपसलेल्या चकत्या शेवटी कुरकुरीतपणासाठी लागणार आहेत, त्या हातासरशी खाऊन संपवू नका.

टोमॅटोचं एक वेगळं काम आहे. पाकिटावर ‘फ्लेवर एन्हान्सर ६३५’ असं छापलेलं असतं. हे न्यूक्लिओटाइड नावाचं चव वाढवणारं द्रव्य एकटं फार चव देत नाही, पण ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतलं चवीचं द्रव्य, सोबत असलं की दोघांची मिळून चव दोघांच्या बेरजेपेक्षा खूप जास्त लागते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. म्हणून एक छोटा लाल टोमॅटो किसून, एक चमचा तेलात तेल सुटेपर्यंत परतायचा. तीन-चार मिनिटं लागतात. कच्चा टोमॅटो तसाच पाण्यात टाकला तर सालं तरंगतात आणि रस नुसता आंबट होतो. सॉसमधून टोमॅटोबरोबर साखर आणि व्हिनेगरही येतं, त्यामुळे तो या कामाचा नाही. अर्धा चमचा सोया सॉसनेही असंच होतं, मात्र त्यात मीठ बरंच असतं; घातला तर पुडी निम्म्यावर आणा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि त्यातला मोठा वाटा एका पाकिटात संपतो, तेव्हा पाऊण पुडीचा नियम नुसता चवीपुरता नाही.

परतलेल्या टोमॅटोत कट आणि पाणी घालून उकळी आणायची. मटार, गाजर घालायचं असेल तर ते आत्ता, नूडल्सच्या तीन मिनिटं आधी. अर्धी पुडी आता घालायची, म्हणजे नूडल्स पाणी पिताना चवही पितात. उरलेली पाव पुडी शेवटी चाखून. नूडल्सचा चौकोन मोडायचाच असेल तर फक्त मधोमध दोन तुकडे. चुरा केला की चमच्याने खायची खीर होते. ४५ सेकंदांनी चौकोन उलटायचा, मग काट्याने सोडवायचा. एकूण दीड मिनिट झालं की गॅस बंद, पाकिटावर दोन मिनिटं लिहिलेली असली तरी. या नूडल्स कारखान्यात तळलेल्या असतात; तळताना पाणी उडून जाऊन त्यांच्यात बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे त्या गॅस बंद झाल्यावरही रस ओढत राहतात. दोन मिनिटं आचेवर आणि वर तीन मिनिटं फोनवर, म्हणजे लगदा. न तळता वाळवलेल्या नूडल्सना मात्र चार-पाच मिनिटं लागतात, तिथे पाकिटाचं ऐका.

पहिलं पाणी फेकून द्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. नूडल्सवर मेणाचा थर असतो म्हणून पाणी फेका, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. मेण वगैरे नसतं. त्या तळलेल्या असतात, पाण्यावर दिसतो तो तेलाचा तवंग. रसदार करताना मी पाणी फेकत नाही. गाड्यावरच्या हक्का नूडल्ससारख्या कोरड्या हव्या असतील तर मात्र फेकते: एकच मिनिट उकळून चाळणीत ओतायच्या, गार पाण्याखाली धरून वरचा स्टार्च धुवायचा, नाहीतर कढईत गोळा होतो. दरम्यान कढई कडक तापवून एक चमचा तेलात मूठभर कोबी मोठ्या आचेवर मिनिटभर, कडा थोड्या काळ्या होईपर्यंत. कढई थंड असली तर कोबी पाणी सोडतो आणि सगळं उकडलेलं लागतं. मग नूडल्स, अर्धी पुडी, तीन चमचे पाणी, आणखी एक मिनिट. बस.

रस दाट आणि भरीव हवा असेल तर शेंगदाण्याचं कूट. तानतानमेन या जपानी नूडल्समध्ये तिळाची पेस्ट आणि तिखट तेल असतं. आपलं कूट आणि वरचं लसणीचं तेल मिळून तेच काम करतात, आणि तिळाच्या पेस्टच्या बाटलीच्या मानाने जवळपास फुकटात. एका पाकिटाला एक भरलेला मोठा चमचा, अगदी बारीक कूट. ते दोन चमचे गरम पाण्यात कालवून नूडल्सच्या आधी रसात सोडायचं. थेट टाकलं तर गुठळ्या होतात, फोडणीत टाकलं तर जळतं. कूट घातलं तर कट नको, साधं पाणी घ्या. दोन्ही मिळून फार जड होतं. चीजची एक स्लाइस हाही मार्ग आहे. प्रक्रिया केलेलं चीज फाटत नाही, म्हणून ते कोरियन लोकही रामयनवर, म्हणजे त्यांच्या इन्स्टंट नूडल्सवर टाकतात. मला ते पुडीच्या मसाल्याबरोबर आवडत नाही, पण मुलं आनंदाने खातात. दूध घालायचं असेल तर टोमॅटो आणि लिंबू विसरा, फाटतं.

अंडं घालताना लोक घाई करतात. रस खळाखळा उकळत असताना फेटलेलं अंडं ओतून लगेच ढवळलं की सगळा रस गढूळ होतो. आच मंद करून रस हलकाच बुडबुडत असताना अंडं बारीक धारेने सोडायचं, तीस सेकंद हात लावायचा नाही, मग एकदाच हळू ढवळायचं. लांब, मऊ पदर सुटतात. अख्खं अंडं फोडून घालायचं तर नूडल्सच्या आधीच, झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर पिवळा भाग घट्ट होईपर्यंत शिजवा.

आंबट शेवटी, गॅस बंद झाल्यावर. पाव लिंबू पुरतं. उकळताना पिळलं तर वास जातो. नूडल्सचा चिवटपणाही कमी होतो, कारण पाकिटावर ५०० आणि ५०१ या आकड्यांनी छापलेले क्षार कणकेला लवचिकपणा देतात आणि आम्ल त्यांना मारतं. लिंबाऐवजी दोन आमसुलं दोन चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्यांचं पाणी घातलं तर मटकीच्या रसाबरोबर फार छान लागतं. आमसुलाला मीठ लावलेलं असतं, तेव्हा आधी चाखा.

कुरकुरीतपणासाठी तळलेली लसूण, भाजलेले शेंगदाणे, चुरलेला भाजका पापड. बारीक शेव मिनिटभरात विरघळते. जाडी शेव घ्या आणि खाता खाता टाका.

हॉस्टेलवर इलेक्ट्रिक किटली असेल तर नूडल्स तिच्यात उकळू नका. स्टार्चचा फेस झाकणातून उतू जातो आणि तळाला चिकटलेला मसाला पुढचे कित्येक दिवस चहात येतो. पाणी किटलीत उकळा, स्टीलच्या डब्यात नूडल्स, पाऊण पुडी आणि एक चमचा कोरडी लसूण-खोबऱ्याची चटणी घालून त्यावर २५० मिली ओता, झाकण लावून डबा टॉवेलात गुंडाळा. पाच-सहा मिनिटं. डबा लहान घ्या. मोठ्या डब्यात पाणी पसरतं, लवकर निवतं आणि चौकोनाची वरची बाजू कडक राहते.

लसणीचं तेल एकदम जास्त करायचं झालं तर १०० मिली तेलाला दहा-बारा पाकळ्या पुरतात. बाटली फ्रिजमध्येच ठेवायची आणि चार-पाच दिवसांत संपवायची. तेलात बुडालेली लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. कट फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरा. एका पाकिटाला साधारण पाच-सहा खडे लागतात, आणि ते थेट परतलेल्या टोमॅटोवर टाकले तरी चालतं.