अमेरिकेच्या कॉलेजांसाठी तेच निबंध परत वापरताना: माझा अनुभव

बारावी चालू असताना अमेरिकेत अंडरग्रॅडसाठी अप्लाय करायचं म्हणजे निबंध लिहून लिहून जीव जातो हे सगळेच सांगतात, पण त्यातले बरेचसे निबंध एकमेकांचे भाऊबंद असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी कसं केलं ते लिहितेय.

माझ्या यादीत पर्ड्यू, जॉर्जिया टेक, मिशिगन आणि युसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) काही कॅम्पस होते, ब्रँच सगळीकडे एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग. कॉमन अ‍ॅपचा (बऱ्याच कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन फॉर्म) ६५० शब्दांचा मुख्य निबंध सगळीकडे तोच जातो, त्यामुळे खरं काम सप्लिमेंटचं, म्हणजे प्रत्येक कॉलेज वेगळे मागतं त्या छोट्या निबंधांचं. युसी तर कॉमन अ‍ॅपवर नाहीच. त्यांचा फॉर्म वेगळा, आठातले चार प्रश्न निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द आणि तीच चार उत्तरं सगळ्या कॅम्पसना जातात, म्हणून तिथे बर्कली किंवा डेव्हिसचं कौतुक करून काही उपयोग नाही.

सगळे प्रश्न मी गुगल शीटमध्ये टाकले, शेजारी शब्दमर्यादा आणि तारीख, आणि मग प्रश्न नक्की काय विचारतोय त्याप्रमाणे रंग दिले. रंग दिल्यावर लगेच दिसलं की परत वापरायची ती गोष्ट, निबंध नाही.

माझी गोष्ट मामाच्या बागेतली. तासगावकडे त्याची द्राक्षबाग आहे, बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे ड्रिपर सारखे चोक होतात आणि ओळीच्या टोकाच्या वेलींना पाणी पोचतच नाही. सुट्टीत मी ड्रिपरखाली वाट्या ठेवून पाणी मोजायचे, वहीत ओळीप्रमाणे लिहायचे, मग मामा अ‍ॅसिड सोडून नळ्या फ्लश करायचा की परत मोजायचे. बघून बघून शेजारच्या बागवाल्यांनीही बोलावलं.

आता युसीचा एक प्रश्न आहे, शाळा किंवा तुमची कम्युनिटी चांगली व्हावी म्हणून तुम्ही काय केलंत. मिशिगनच्या निबंधातही कम्युनिटीच होती, पण तिथे विचारलं होतं की तुम्ही ज्या समूहातले आहात त्याबद्दल आणि त्यातल्या तुमच्या जागेबद्दल सांगा. वरवर एकच वाटतं, कॉपी-पेस्ट करायचा मोह होतोच. पण युसीला मी सरळ लिहिलं, अडचण काय, मी काय मोजलं, काय बदललं. त्यांना सरळ मुद्द्याचं उत्तर लागतं, वातावरणनिर्मिती नको. मिशिगनला तीच बाग, तीच वही, पण बांधावर चहाला बसलेली माणसं आणि शहरातून आलेल्या भाचीला त्यांनी हळूहळू त्यांच्यात कसं धरलं ते. दोन्हीत सारखी राहिलेली वाक्यं अगदी थोडी, आणि मला वाटतं तसंच व्हायला हवं.

मेजर का, म्हणजे हीच ब्रँच का, हे उत्तर मात्र बिनधास्त फिरवता येतं. पर्ड्यू मेजर का आणि पर्ड्यू का हे दोन वेगळे प्रश्न विचारतं, प्रत्येकी २५० शब्द, जॉर्जिया टेक दोन्ही एकत्र ३०० शब्दांत मागतं. मी मेजरचा भाग आटवून दीडशेवर आणला आणि तोच तिकडे पहिला अर्धा म्हणून बसवला. एका कॉलेजला दुसऱ्याची सप्लिमेंट दिसत नाही, त्यामुळे यात लपवण्यासारखं काही नाही, कारण तुमचं उत्तर खरंच तेच आहे.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे हेच कॉलेज का, दर वेळी कोरा कागद घेऊनच लिहायचा. पर्ड्यूसाठी मी एपिक्सबद्दल लिहिलं, तिथे विद्यार्थी टीम करून स्थानिक संस्थांच्या खऱ्या अडचणींवर काम करतात, आणि ते माझ्या वाट्या-वहीशी सरळ जुळत होतं. जॉर्जिया टेकसाठी व्हीआयपी, म्हणजे प्राध्यापकांच्या रिसर्चमध्ये अनेक सेमिस्टर टिकून राहायचं. ही नावं अदलाबदल केली तर परिच्छेद कोसळतो का ते बघा, कोसळला तर तो चांगला आहे. नुसतं ‘उत्तम फॅकल्टी, सुंदर कॅम्पस’ असेल तर तो कुठेही चालेल, म्हणजे कुठेच चालणार नाही.

पाठवायच्या आधी प्रत्येक फाईलमध्ये बाकीच्या सगळ्या कॉलेजांची नावं सर्च करा, त्यांच्या कोर्सेस आणि क्लबची पण. आणि ज्यांच्या डेडलाइन जानेवारीच्या सुरुवातीला आहेत त्यांनी मेजरचा भाग दिवाळीच्या सुट्टीतच पक्का करून ठेवा, मग प्रिलिमच्या अभ्यासात फक्त ‘हेच कॉलेज का’ एवढंच लिहायचं उरतं.