तहानलेल्या पिकातले विष

बुरशी म्हटले की आपल्याला ओल आठवते. त्यामुळे धान्यात बुरशीजन्य विष सापडल्याचे कळले, की साठवणुकीत हयगय झाली असणार, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. माझीही बरीच वर्षे हीच समजूत होती. अफ्लाटॉक्सिनविषयी वाचू लागल्यावर मात्र ध्यानात आले, की या विषाची सुरुवात पुष्कळदा दमट गोदामात नव्हे, तर पाण्यावाचून तापलेल्या शेतात होते.

हे विष तयार करणारी मुख्य बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती मातीत आणि पिकांच्या अवशेषांवर एरवीही असतेच. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, त्याचा माग काढताना संशोधक खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले, आणि त्या पेंडीतल्या विषाला या बुरशीच्याच नावातली अक्षरे जोडून ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटले जाऊ लागले.

दुष्काळाचा संबंध भुईमुगात सर्वांत स्पष्ट दिसतो. शेंगा जमिनीत, म्हणजे बुरशीच्या घरातच, वाढतात. तरीही पुरेसे पाणी मिळणारा दाणा सहसा निरोगी राहतो, कारण बुरशीचा शिरकाव होताच तो स्वतःच्या बचावासाठी बुरशीरोधक रसायने तयार करतो. काढणीपूर्वीच्या शेवटच्या काही आठवड्यांत पाण्याचा ताण पडला आणि शेंगांभोवतीच्या मातीचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, तर दाण्यातले पाणी घटत जाते आणि ही रसायने बनवण्याची त्याची क्षमता संपते, पण तेवढ्या कमी पाण्यातही बुरशीचे काम मात्र चालूच राहते. मक्यातही दाणे भरण्याच्या काळातली उष्णता आणि पाण्याचा ताण यांमुळेच पीक या बुरशीला बळी पडते. तिथे ती कणसाच्या केसांवाटे आत उतरते.

दुसरी वाट किडी करून देतात. कणीस पोखरणारी अळी किंवा शेंगेला भोक पाडणारी वाळवी दाण्याचे संरक्षक आवरण फोडते आणि अनेकदा बुरशीचे बीजाणूही अंगावर वाहून आणते. मक्यातल्या फ्युमोनिसिन या विषाच्या बाबतीत हा संबंध इतका घट्ट आहे, की अळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी मक्यात हे विष सहसा कमी आढळते. (जनुकीय बदल केलेल्या पिकांविषयी कोणाचे मत काहीही असो, किडीची जखम किती महत्त्वाची आहे याचा हा उत्तम पुरावा आहे.)

गव्हाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. तिथे फ्युझेरियम ग्रॅमिनिअ‍ॅरम ही बुरशी पीक फुलोऱ्यात असताना पाऊस पडला, तर ओंबीत शिरते आणि डीऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचे विष सोडते. थंड प्रदेशांत नीट न वाळवता साठवलेल्या धान्यात पेनिसिलियमची एक जात ओक्राटॉक्सिन तयार करते. तेव्हा एका पिकासाठी शोधलेले कारण दुसऱ्या पिकाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

काढणीनंतर मात्र ओलाव्याविषयीची आपली जुनी समजूत खरी ठरते. माझ्या मते या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे काढणी आणि पूर्ण वाळवणी यांमधले दिवस. मक्यातला ओलावा सुमारे 13 टक्क्यांवर आणि सोललेल्या भुईमूग दाण्यांतला 7 ते 8 टक्क्यांवर आणावा लागतो. भुईमुगाची मर्यादा इतकी खाली असते, कारण तेल पाणी धरून ठेवत नाही आणि थोडेसेही पाणी बुरशीला सहज उपलब्ध होते. बरे, सरासरी ओलावा योग्य असला तरी निर्धास्त राहता येत नाही. दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा यांमुळे साठ्यातली वाफ थंड भागात जाऊन तिथे पाणी साचते, शिवाय सोंडकिड्यांच्या श्वसनातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतात, आणि कोरड्या ढिगाच्या पोटात एखादा ओला कप्पा तयार होतो. 2004 मध्ये केनियाच्या पूर्व भागात अफ्लाटॉक्सिनची विषबाधा झालेल्या 317 रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी 125 जण दगावले. तिथे घरात ओलसर स्थितीत साठवलेला मका हे मुख्य कारण ठरले.

एकदा तयार झालेले अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. दिसणारी बुरशी पुसून काढली तरी विष दाण्यात उरते, आणि बुरशी न दिसणारा दाणा निर्विष असेलच असेही नाही. ते ढिगात सारखे पसरलेले नसते. हजारो स्वच्छ दाण्यांमध्ये मोजके दाणे अतिविषारी असू शकतात, त्यामुळे एक मूठ धान्य तपासून सगळ्या साठ्याविषयी काही सांगता येत नाही.

म्हणूनच मला शेतातच केला जाणारा एक उपाय विशेष पटतो. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसच्या सगळ्याच वाणांना विष तयार करता येत नाही. असे निर्विष वाण निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवून पीक फुलोऱ्यात येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी शेतात पसरतात, आणि विषारी वाण कणसापर्यंत पोहोचण्याआधी तिथली जागा ही त्यांचीच भावंडे अडवून बसतात.